गार तांदळाचा वास

तांदळाचा वास कसा घ्यावा हे मला ठकुबाईनं शिकवलं. तेव्हा मी भोरच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होतो. उष्णता हा माझा आवडीचा धडा, आणि त्या विषयात भोरात माझ्याइतकं कुणाला कळत नाही अशी माझी पक्की समजूत होती. ही समजूत फक्त माझी होती, दुसऱ्या कुणाची नव्हती, असं आमची सुहासिनी म्हणते. बायकोनं नवऱ्याला एवढं बोलायचंच असतं, म्हणून मी ते सोडून देतो.

ठकुबाई विंझरच्या पुढची, डोंगरातल्या वीस घरांच्या वाडीतली. नवरा कुंडलिक हिरड्याच्या झाडावरून पडला आणि कमरेतून अधू झाला, तेव्हापासून घर तिच्या अंगावर आलं. नांगराला बाईनं हात लावायचा नाही, म्हणून तेवढं भावकी करून देई. बाकी रोप टाकणं, लावणी, कापणी, झोडणी, सगळं तीच करायची. अंगानं किरकोळ, आवाजानं खणखणीत. एखादी गोष्ट तिला पटली नाही की ती भांडायची नाही, नुसती जागेवरून हलायची नाही. हे तिचं न हलणं फार त्रासाचं असे, मी स्वतः अनुभवलंय.

वाडीत पूर्वी सगळे आंबेमोहोर लावायचे. मग एका वर्षी पावसानं असा दगा दिला की भात कणीस बाहेर पडायच्या आधी पोटरीतच वाळलं. उन्हाळ्यापर्यंत एकेका घरानं बियाणं उखळात घातलं आणि खाऊन टाकलं. खातील नाही तर काय करतील हो! ठकुबाईनं मात्र दोन पायली भात एका छोट्या कणगीत भरलं, वरून शेणानं लिंपलं आणि घरात सांगून टाकलं की ही कणगी जो फोडेल त्याचं तोंड मी बघणार नाही. घरानं नाचणीची आंबील आणि डोंगरातले कंद खाऊन दिवस काढले. कुंडलिकानं तिला नाही नाही ते बोलून घेतलं. तिनं कणगी फोडली नाही.

पुढच्या पावसाळ्यात दोन पायलींचं रोप झालं, त्यातून पुन्हा बी धरलं, आणि तीन-चार वर्षांत साऱ्या वाडीला पुरेल एवढं बियाणं तिच्या घरात साठलं. पण तोवर वाडीनं खालच्या गावांतून एक जाडं भात आणलं होतं. उतारा चांगला, चव म्हणाल तर लाकडाची. ठकुबाई घरोघर जाऊन म्हणाली, आपलं बी आलंय, आता ते लावा. लोक म्हणाले, तुझं बी बिघडलंय, त्याच्यात भेसळ झालीय, त्याला आता वास कुठं राहिलाय. भावकीतले म्हातारे चिमाजी वाडीचे कर्ते. त्यांनी शेवटी तोड काढली. भोरला पौषात तांदळाचं प्रदर्शन आहे, तिथं दाखव. भोरनं आंबेमोहोर म्हटलं तर येत्या मृगाला सगळी वाडी तुझं बी पेरील. नाही म्हटलं तर तू पण जाडं भात लाव आणि हा विषय मिटव.

म्हणजे त्या एका सकाळवर तिच्या बियाण्याचा जीव टांगलेला होता. बियाणं एक वर्ष पेरलं नाही की कणगीत त्याची माती होते. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी वेगळा वागलो असतो, असं म्हणायला मला आवडेल, पण तसं वाटत नाही.

प्रदर्शन आम्ही चार-पाच हौशी मंडळींनी भरवलं होतं, नीरेकाठच्या एका धर्मशाळेत. साल छत्तीस. पुण्याहून तांदळाचे एक जुने पारखी बोलावले होते. नियम करायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी माझं शहाणपण पाजळलं. मी लिहून काढलं की वासाची परीक्षा पहाटे, चूल पेटायच्या आधी होईल. आवारात विस्तव नको, धूर नको, चहा नको, तंबाखू नको. हवा अगदी शुद्ध पाहिजे. फरशी आदल्या दिवशी नदीच्या पाण्यानं धुतलेली, पितळी ताटल्या घासूनपुसून थेट फरशीवर मांडलेल्या, दारं-खिडक्या सताड उघड्या. किती शास्त्रशुद्ध, म्हणून मी स्वतःवरच खूश होतो. पौषातली भोरची पहाट, नदीवरून येणारा वारा, आणि चहा नाही म्हणून सगळी मंडळी माझ्याकडे खाऊ का गिळू अशा नजरेनं बघत होती.

नमुने बारा आले होते. ठकुबाई चिमाजींबरोबर नसरापूरमार्गे बैलगाडीनं आदल्या संध्याकाळी पोचली होती. हातानं कांडलेला तांदूळ तिनं तांब्याच्या तपेलीत आणला होता, उंदीर लागू नयेत म्हणून. ती तपेली रात्रभर ओसरीच्या कठड्यावर दवात राहिली. सकाळी ताटलीत ओतला तेव्हा दाणे बर्फासारखे गार होते. अकरा ताटल्या अशा मांडून झाल्या. बारावा नमुना शिवऱ्याच्या रखमाजींचा. हे गृहस्थ उशिरा आले, गाडीतून उतरून पळतच आत शिरले. तांदळाची पिशवी रात्रभर उशाला घेऊन घोंगडीत झोपले होते, ती तशीच बगलेत मारून आणली आणि पारख्यांच्या समोर ताटलीत उपडी केली. पारख्यांनी तिथल्या तिथं वास घेतला आणि मान डोलावली. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘वास उत्तम.’

बाकीच्यांना कुणाला ‘मंद’, कुणाला ‘बरा’ असं मिळालं. ठकुबाईच्या ताटलीपाशी पारखी वाकले, दोनदा वाकले, मग सरळ झाले. म्हणाले, याला वास नाही, हा आंबेमोहोर नव्हे. मी स्वतः वाकून बघितलं. खरंच काही नव्हतं. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘वास नाही’, आणि चिठ्ठी ताटलीला टेकवून ठेवली. मागं कुणीतरी हसलं. चिमाजींनी मान खाली घातली.

ठकुबाई पुढं आली आणि मला विचारलं, काय लिहिलंत. मी वाचून दाखवलं. त्या काळी आम्ही शहाणी माणसं गावाकडच्या बायकांना सर्रास अगं-तुगं करायचो, तसंच मीही म्हणालो की आता निकाल झालाय, तू बाजूला हो. ती हलली नाही. म्हणाली,

“मास्तर, गार तांदूळ बोलत न्हाई.”

माझं डोकं फिरलं. मी तिला नियम ऐकवले, शुद्ध हवेवर एक छोटं व्याख्यान दिलं, सगळ्यांच्या ताटल्या सारख्याच आहेत असंही ठासून सांगितलं. तिनं ते सगळं शांतपणे ऐकलं. मग ताटलीतले मूठभर दाणे उचलले, दोन्ही तळव्यांत बंद केले, अंगठ्यांच्या फटीतून आत तोंडाची वाफ सोडली, पुन्हा सोडली, आणि तळवे घट्ट मिटून उभी राहिली. किती वेळ? मला तरी फार वाटला. मग हात माझ्या नाकाखाली आणून तिनं फट एवढीशी उघडली.

आंब्याला मोहोर आलेला असताना झाडाखालून गेलं की जो वास येतो, तो. मंद नाही, बरा नाही, भरभरून. मला वाटलं आपल्याला भास झाला. मी पुन्हा हुंगलं. पुन्हा तोच. मग ताटलीतल्या गार दाण्यांवर नाक नेलं, तर काहीच नाही. तोच तांदूळ, तीच ताटली.

आणि मग मला घाम फुटला, त्या थंडीत. कारण त्याच आठवड्यात मी वर्गात दोन पेले मांडले होते, एकात आडाचं गार पाणी, एकात कढत. दोन्हींत शाईचा एकेक थेंब सोडला. गार पाण्यात थेंब धाग्यासारखा खाली लोंबत राहिला, कढत पाण्यात कुणी न ढवळता बघता बघता पसरला. आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की कुठल्याही पदार्थाचे बारीक कण, ज्यांना आम्ही रेणू म्हणतो, ते एक क्षणही स्वस्थ नसतात. त्यांना ढकलतं कोण, असं वर्गातून विचारलं गेलं. मी म्हणालो, कुणीही नाही, हालत राहणं हीच त्यांची नेहमीची स्थिती. आपण ज्याला ऊन किंवा गार म्हणतो ते त्या हालचालीचंच माप आहे. पदार्थ तापला म्हणजे कण जोरात धावू लागले, निवला म्हणजे मंदावले. थांबत मात्र नाहीत.

शाईच्या बाबतीत मला हे सगळं पाठ होतं. वास म्हणजे तरी दुसरं काय असतं? दाण्यातले काही कण शेजारच्या कणांची ओढ तोडून हवेत सुटतात, हवेच्या कणांचे धक्के खात, इकडेतिकडे भरकटत आपल्या नाकात येतात. गार दाण्यातले बहुतेक कण इतके मंद असतात की त्यांना ती ओढ तोडवत नाही, एखादाच सुटतो. दाण्याला ऊब दिली की ते जोर धरतात आणि झुंडीनं बाहेर पडतात. ठकुबाईचा वास कुठं गेला नव्हता. तो दाण्यातच होता, मी त्याला गारठवून बसवलं होतं. रखमाजींचा तांदूळ तेवढा घोंगडीतून उबदार आला होता, आणि बिचाऱ्यांना ते माहीतही नव्हतं. ताटल्या सारख्या होत्या, तांदूळ सारखे नव्हते, आणि हे भोरातल्या पदार्थविज्ञानाच्या मास्तराला कळलं नाही. वाडीतल्या बाईला कळलं. काय सांगू, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी पारख्यांकडे गेलो. ते उपरणं सावरून निघायच्या तयारीत होते, पुण्याची सर्व्हिस मोटार नऊला सुटायची. मी म्हणालो, एक चूक झालीय, ती ताटली पुन्हा बघा. ते समंजस गृहस्थ होते, त्यांनी ठकुबाईच्या तळव्यांचा वास घेतला. पण मग म्हणाले की हाताला शंभर वास असतात, मी हातावरून निकाल देणार नाही. आक्षेप रास्त होता. मी म्हणालो, मग बाराही नमुने सारखे ऊन करू. त्यांनी घड्याळ काढलं. आवारात विस्तव नको असा नियम तुमचाच आहे ना, असं त्यांनी विचारलं, आणि सगळी धर्मशाळा माझ्याकडे बघायला लागली.

अशा वेळी माणसाला खोकला येतो, पाणी प्यावंसं वाटतं. ठकुबाई नुसती उभी होती, मूठ तशीच मिटलेली. तिच्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

“नियम माझा होता, आणि तो चुकला.”

बावीस वर्षं मास्तरकी केली, पण इतक्या लोकांसमोर इतकं छोटं वाक्य मी कधी बोललो नव्हतो. बोलल्यावर हलकं वाटलं, खरं सांगतो. पारख्यांनी घड्याळ खिशात टाकलं आणि म्हणाले, अर्धा तास.

माझं घर दोन गल्ल्या सोडून. अंघोळीचा बंब पेटलेलाच होता. मी धावत जाऊन सुहासिनीला म्हटलं, सगळं कढत पाणी दे. तिनं कारण विचारलं, मी धापा टाकत सांगितलं, तर ती म्हणाली की वासाचं एवढंच होतं तर स्वयंपाकघरात येऊन मला विचारायचं, गार आमटीचा वास कधी माजघरात आलाय का? मी निमूट एक बादली उचलली. दुसरी माझ्यामागून धावत आलेल्या रखमाजींनी घेतली. हो, रखमाजींनीच, ज्यांचा पहिला नंबर जाणार होता त्यांनी. शिवऱ्याच्या माणसाला बघायचं होतं की खरं काय आहे, आणि त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. हे मी विसरणार नाही.

लग्नाकार्यातली दोन मोठी घंगाळं होती, त्यांत कढत पाणी ओतलं. बारा वाट्यांत मूठ मूठ तांदूळ घातला, प्रत्येक वाटीवर झाकणी ठेवली आणि वाट्या पाण्यावर तरंगत सोडल्या. धूर नाही, विस्तव नाही. पारखी तेवढा वेळ नदीकडं तोंड करून बाहेर उभे राहिले. कुठली वाटी कुणाची याची यादी मी चिमाजींच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणूनच दिली.

दाणे ऊन झाल्यावर पारखी आत आले. झाकणी उचलायची, वास घ्यायचा, झाकणी ठेवायची. आता बाराही वाट्या बोलायला लागल्या होत्या. मघाशी ‘मंद’ म्हटलेल्या तिघांना त्यांनी ‘चांगला’ म्हटलं. रखमाजींच्या वाटीला मघासारखंच ‘उत्तम’ म्हटलं. ठकुबाई खांबाला टेकून उभी होती. ओठ मिटलेले, पण पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळून गुंडाळून तिनं दोरी केली होती. वाडीतली वीस घरं, दोन पायलींची कणगी, नाचणीवर काढलेलं वर्ष, सगळं त्या घंगाळात तरंगत होतं आणि हे तिला माहीत होतं. मलाही तोवर चिमाजींनी ते थोडक्यात सांगितलं होतं.

नवव्या वाटीची झाकणी उचलली आणि पारखी थांबले. झाकणी खाली ठेवली. पुन्हा उचलली. डोळे मिटले. मागं उभी असलेली माणसं पुढं सरकायला लागली, कारण वास आता त्यांच्यापर्यंत आला होता, कुणी आणायला न जाता. पारख्यांनी उरलेल्या तीन वाट्या घाईघाईनं बघितल्या आणि परत नवव्या वाटीपाशी आले.

“आंबेमोहोर हा. बाकीचे त्याचे चुलतभाऊ.”

यादी चिमाजींकडून घेऊन मी नाव वाचलं, ठकुबाई. त्यानंतर धर्मशाळेत जो गलका झाला तो नीरेपल्याड ऐकू गेला असेल. रखमाजी सरळ ठकुबाईपुढं गेले, हात जोडले आणि पेरायला पायलीभर बी मागितलं. तिनं त्यांच्याकडे रोखून बघितलं, म्हणाली, देईन, पण खायचं न्हाई, पेरायचं. आणि मग ती हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं, आणि मला इतका आनंद झाला की माझा स्वतःचा पराभव मी पार विसरून गेलो. चिमाजींनी तपेली उचलली, उरलेला तांदूळ तिच्यात भरला आणि ती स्वतःच्या डोक्यावर घेतली. वाडीच्या कर्त्या म्हाताऱ्यानं भावकीतल्या सुनेचं ओझं डोक्यावर घेणं म्हणजे काय, हे तिकडच्या माणसाला सांगायला नको.

मी जुनी चिठ्ठी फाडायला घेतली. ठकुबाईनं माझा हात धरला.

“फाडू नका, मास्तर. लिवलंय ते खोटं न्हाई. गार व्हता तवा नव्हताच वास. तेवढं फुडं लिवा.”

माझ्या सगळ्या प्रयोगवह्यांत एवढं काटेकोर वाक्य नव्हतं. मी टाक घेतला आणि ‘वास नाही’च्या पुढं लिहिलं, ‘थंड असताना’. त्याच्या खाली, ‘ऊन केल्यावर सर्वांत उत्तम. क्रमांक पहिला.’ आणि चिठ्ठी तिच्या हातात देताना म्हणालो, “तुम्ही जपून ठेवा, ठकुबाई.” तुम्ही म्हणालो हे माझ्या लक्षातही आलं नाही, सुहासिनीनं घरी गेल्यावर सांगितलं.

शाईचे पेले मी पुढंही वर्गात मांडत राहिलो, पण त्याआधी मूठभर तांदूळ फिरवायचो, आधी गार, मग मुठीत ऊब देऊन. कण हालतात हे डोळ्यांनी बघितलेलं पोरं विसरत, नाकानं घेतलेलं विसरत नसत.

नऊ-दहा वर्षांनी, लढाई संपली त्या साली, मार्गशीर्षात मी त्या वाडीवर गेलो. ठकुबाईचे निरोप दर वर्षी यायचे आणि मी दर वर्षी टाळायचो, कारण चढ फार आहे आणि मी आळशी आहे. विंझर मागं टाकलं, पायवाट चढू लागलो. दुपारची वेळ, ऊन होतं. शेवटचं वळण यायचं होतं, अजून एकही घर दिसत नव्हतं, आणि मोहोराचा वास आला. मार्गशीर्षात आंब्याला कुठला मोहोर? मी तिथंच दगडावर बसलो. वर वीस चुली पेटल्या होत्या, वीस घरांत भात शिजत होता, आणि त्यातले कण धावत, ठेचकाळत मला न्यायला खाली आले होते.

ठकुबाईचे केस पांढरे झाले होते, आवाज तसाच होता. कुंडलिक दारात बसून भाताच्या पेंढ्याचे दोर वळत होता. कणगी आता छोटी नव्हती, माझ्यापेक्षा उंच होती, आणि तिच्या लिंपणात माझी चिठ्ठी बसवलेली होती, कडा पिवळ्या पडलेल्या, अक्षर शाबूत. तिनं आजूबाजूच्या घरांतली माणसं बोलावली आणि मला म्हणाली, वाचा. मी वाचायला लागलो, ‘वास नाही’, आणि वाचता वाचता थांबलो, कारण सगळी वाडी एका सुरात पुढचं म्हणाली, “थंड असताना.” त्यांना ती चिठ्ठी पाठ होती. मग ठकुबाईनं मला पाट दिला, ताटात वाफाळता भात वाढला आणि बजावलं की मास्तर, निवायच्या आत जेवा.